बरेच दिवस उभी राहिलेली गाडी सुरू न होणे : आपले अनुभव लिहावेत

पिंपळपान
शेजारचे काका पाच महिने मुलाकडे राहून आले आणि परवा सकाळी त्यांनी गाडीची किल्ली फिरवली, तेव्हा बॉनेटखालून 'टक-टक-टक-टक' असा आवाज आला. तो कानांवर पडताच मी थेट 2020 च्या जूनमध्ये जाऊन पोहोचलो. मार्चअखेरीस टाळेबंदी लागल्यापासून आमची गाडी पुण्यातल्या इमारतीखाली तशीच उभी होती, आईला दवाखान्यात न्यायचे होते, आणि नेमका हाच आवाज. घाबरून मी किल्ली पंधरा-वीस वेळा फिरवली आणि बॅटरीत उरलीसुरली धुगधुगीही घालवली. संध्याकाळी आलेल्या फिटरने बॉनेट उघडण्याआधी विचारले, "साहेब, आवाज कसा येत होता?"

त्या प्रश्नाचे महत्त्व मला नंतर समजले. भरभर टक-टक होत असेल, तर सेल्फची (म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या मोटरची) कळ ओढण्यापुरती वीज बॅटरीत आहे, मोटर फिरवण्यापुरती नाही. दिवे लख्ख लागतात पण एकच जड 'टक्' येतो, तेव्हा संशय सेल्फच्या मोटरवर किंवा तिच्या जोडणीवर घ्यावा. इंजिन जोमाने फिरते पण पेटत नाही, तेव्हा बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तिथे इंधन किंवा ठिणगी पोहोचत नसते. काहीच आवाज आला नाही, तर आधी बॅटरीचे टर्मिनल, म्हणजे तारा जोडलेली टोके, हलवून पाहावेत. आपल्या गाडीने कोणता आवाज काढला होता, ते इथे अवश्य लिहावे.

गवतीचहा
आमच्याकडे टक-टक झाली आणि शेजाऱ्यांच्या गाडीची वीज घेऊन आमची सुरू करण्यासाठी मी दोन्ही बॅटऱ्यांना केबल जोडायला घेतली. शेवटची काळी चिमटी उतरलेल्या बॅटरीच्याच ऋण टोकाला लावली, तशी डोळ्यांसमोर ठिणगी उडाली. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो, हे शाळेत शिकूनही त्या क्षणी आठवले नव्हते. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: लाल चिमटी आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि उरलेली काळी बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना बरोबर उलट.

तिसरामजला
मी टाळेबंदीत अतिशय शिस्तीने रोज खाली जाऊन गाडी दोन मिनिटे सुरू करत असे आणि तरीही चाळीस दिवसांत बॅटरी बसली. ज्यांनी काहीच केले नव्हते, त्यांच्यातल्या काहींच्या गाड्या पहिल्या फटक्यात सुरू झाल्या, हे पाहून फार वाईट वाटले.

ओममापक
@तिसरामजला, आपल्या शिस्तीनेच घात केला. सेल्फ मारताना बॅटरीतून शंभराहून अधिक अँपिअर वीज ओढली जाते, आणि उभ्या गाडीत दोन मिनिटांत अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर बॅटरी भरणारे यंत्र) ती पुरेशी परत भरत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी चालवून आणावी. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म आणि संगणकाची पेटी थोडी थोडी वीज खात राहतात. ही गळती 30 मिलिअँपिअर धरली तर दिवसाला 0.72 आणि महिन्याला सुमारे 22 अँपिअर-तास (बॅटरीतल्या विजेचे माप) होते. लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची असते, म्हणजे महिनाभरात तिचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग संपलेला असतो. मीटर लावून पाहिल्यास विश्रांतीत असलेली पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि 12 च्या खाली गेली की ती रिकामी समजावी. तशीच महिनोन्महिने ठेवली, तर आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट कडक होऊन बसते आणि मग चार्जिंग करूनही ती पहिल्यासारखी होत नाही.

देवगडकर
आमच्या गावच्या गाडीने वेगळाच आवाज काढला. इंजिन छान फिरत होते पण पेटत नव्हते, आणि भाऊ मात्र बॅटरीच बदलायला निघाला होता. बॉनेट उघडले तर इंजिनावर सुके गवत, चिंध्या आणि आंब्याची कोय अशी व्यवस्थित बिऱ्हाड मांडलेली उंदीरमामांची जागा. इंजेक्टरकडे (इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या दोन तारा कुरतडलेल्या होत्या. पावसाळ्यात कोरडी आणि वाऱ्यापासून आडोशाची जागा गाडीच्या बॉनेटखाली असते, हे त्याला आमच्याआधी कळले. तंबाखूची पाने, डांबरगोळ्या, सारे करून झाले; माझ्या मते त्यातल्या कशाहीपेक्षा बॉनेट दर आठवड्याला उघडून पाहण्याचा अधिक उपयोग होतो. तारा जोडल्यावर गाडी सुरू झाली आणि तरीही हलेना! समुद्राच्या दमट हवेत हँडब्रेक ओढून तीन महिने ठेवल्याने मागची चाके गंजून धरली होती. आता आम्ही गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावतो आणि हँडब्रेक सोडून देतो.

जुनाखटारा
धक्का मारायची पद्धत हल्ली कोणी सांगतच नाही! आमच्या जुन्या प्रीमिअर पद्मिनी गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून, अख्खी चाळ ढकलत असे आणि उतारावर क्लच सोडला की ती खोकून जागी होई. फार दिवस उभी असली की कार्ब्युरेटरमधले (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातले) पेट्रोल उडून गेलेले असायचे, चोक (हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी दांडी) जास्त ओढला की पेट्रोलचा वास सुटायचा, मग ॲक्सिलरेटरचा पेडल पूर्ण दाबून थोडा वेळ सेल्फ मारावा लागे. ऑक्टोबर 2023 अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली, तेव्हा मला चोकची ती दांडी आठवली.

ओममापक
@जुनाखटारा काका, हाताने गिअर बदलायच्या गाडीला ते आजही जमते, पण ऑटोमॅटिक गाडी कितीही ढकलली तरी सुरू होणार नाही. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर नव्या गाड्यांत इंधनाचा पंपही चालत नाही.

विजेवरची
माझी गाडी विजेवर चालते, त्यामुळे हा धागा माझ्यासाठी नाही असे मला वाटले होते. महिनाभर सुट्टीवरून आले तर मोठ्या बॅटरीत 80 टक्के चार्ज शिल्लक आणि दारसुद्धा उघडेना. मोठी बॅटरी जोडणारे स्विच चालवायला आतली लहान 12 व्होल्टची बॅटरीच लागते आणि ती उतरली होती. रिमोटच्या आत लपलेली धातूची किल्ली मला त्या दिवशी प्रथम सापडली.

विनिपेगची थंडी
कॅनडात जानेवारीत आठवडाभर बाहेर राहिलेली गाडी म्हणजे बर्फाचा ठोकळा. उणे 18 अंशांना बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि त्याच वेळी तेल घट्ट झाल्याने इंजिनाला फिरायला अधिक ताकद लागते, म्हणून इथे रात्री इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची गाडीतून बाहेर आलेली वायर विजेच्या प्लगला लावतात. पहिल्या वर्षी पुढून वायर लोंबणाऱ्या गाड्या पाहून आईने फोनवर विचारले होते, "तिकडे सगळ्याच गाड्या विजेवर चालतात का गं?"

गवतीचहा
@देवगडकर, ती आंब्याची कोय हापूसची होती का, एवढेच कळवावे.

देवगडकर
रायवळ होती. हापूस आम्ही उंदरापर्यंत पोहोचू देत नाही.

पिंपळपान
काकांच्या गाडीची बातमी देतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड जमली होती, ती खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुतली, कोरडी केली, केबल लावून दहा मिनिटे थांबलो आणि मग सेल्फ मारला. गाडी सुरू झाली. बॅटरी मात्र सहा वर्षांची आहे, त्यामुळे नवी घ्यावी लागेल. पुढच्या वेळी जाण्याआधी ऋण टोक सोडवून ठेवायचे, आणि नेहमी ऋणच आधी, असे मी त्यांना सांगितले. धन टोक आधी सोडताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट होतो. काकांची एकच तक्रार आहे: घड्याळ बारावर गेले असून ते कसे लावायचे हे पुस्तिकेत सापडत नाही. कोणाला माहीत असल्यास सांगावे.