‘घर सांभाळून’ मिळालेली बढती : आपले अनुभव लिहावेत

मृद्‌गंध :
गेल्या शनिवारी आमच्या बँकेतील एका महाव्यवस्थापक बाईंचा निवृत्ती समारंभ झाला. ‘घर सांभाळून त्यांनी एवढे केले’ असे प्रत्येक वक्त्याने आवर्जून सांगितले. त्यांच्यासोबत निवृत्त झालेल्या सहकाऱ्याच्या घराचा मात्र कुणी उल्लेखही केला नाही. ते ऐकताना मला माझी स्केल फोरची, म्हणजे मुख्य व्यवस्थापकपदाच्या बढतीची, मुलाखत आठवली. अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, त्याच २०१३ सालची ही गोष्ट. नागपूरला बदली झाली तर मुलाकडे कोण बघणार, हा मला विचारलेला पहिला प्रश्न होता, आणि तीन वर्षे राबून वसूल केलेल्या थकीत कर्जांबद्दल शेवटी, घाईघाईने विचारले गेले. ‘सासूबाई आहेत,’ असे मी सांगून टाकले. माझ्यानंतर आत गेलेल्या सहकाऱ्याचा मुलगाही तेवढाच होता. त्याला हे कुणी विचारले नाही.

गोदाकाठ :
मला विचारलेसुद्धा नाही. २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेवरून परतले, तेव्हा ‘तुमची ओढाताण नको’ म्हणून माझे विभागप्रमुखपद दुसऱ्याला देऊन झाले होते.

प्राजक्त :
कुकर लावला आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या अध्यक्षपदी कायद्याने वरिष्ठ पदावरील स्त्रीच लागते, आणि आमच्या कारखान्यात तशी मी एकटीच आहे. हे काम मला मोलाचे वाटते. परंतु सुनावण्यांत गेलेले तास वार्षिक मूल्यमापनात कुठेच धरले जात नाहीत, आणि महिला दिनाची रांगोळीही माझ्याकडेच येते.

सह्याद्री :
पत्नी पदोन्नतीवर इंदूरला गेली, तेव्हा माझ्या कार्यालयात सगळ्यांनी माझ्या जेवणाची चौकशी केली. तिच्या नव्या पदाबद्दल एकानेही विचारले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मृद्‌गंध :
गोदाकाठ, पद काढल्याचा लेखी आदेश मिळाला होता का? रजेच्या काळात सेवाशर्ती स्त्रीच्या तोट्याच्या होतील अशा बदलण्यास प्रसूतिलाभ कायद्याच्या कलम १२ ने मनाई केलेली होती.

गोदाकाठ :
नाही, सगळे तोंडीच झाले. तेव्हा बाळ सहा महिन्यांचे होते आणि भांडण्याचे बळ माझ्यात नव्हते. कलम लिहून घेतले आहे. आता दुसऱ्या बाळंतपणाच्या रजेवर जाण्यापूर्वी पदाबद्दल लेखी मागणार आहे.