प्रत्येक रसायन मर्यादेत असेल, तर त्यांचे मिश्रणही निर्धोक मानावे का?

प्रश्न
पाणी, अन्न, हवा आणि प्रसाधने यांतून कितीतरी रसायने थोड्याथोड्या प्रमाणात एकाच वेळी आपल्या शरीरात जात असतात. तपासणी अहवालात मात्र प्रत्येकापुढे स्वतंत्रपणे ‘मर्यादेत’ असा शेरा असतो. ही मर्यादा ठरवताना इतर रसायनांचा विचार झालेला असतो का?

प्रतिसाद १
बहुतेक वेळा नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेपर्यंत अपाय दिसला नाही, तिला साधारणपणे १०० ने भागतात. त्यातले दहापट प्राणी आणि माणूस यांतील फरकासाठी आणि दहापट माणसामाणसांतील फरकासाठी असते, मिश्रणासाठी त्यात वेगळे काही राखून ठेवलेले नसते. २००२ मध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखा परिणाम करणारी आठ रसायने, प्रत्येक एकेकटे असताना परिणाम दिसणार नाही इतक्या कमी प्रमाणात, एकत्र करून तपासण्यात आली, तेव्हा परिणाम स्पष्ट दिसला, कारण ती सर्व एकाच रिसेप्टरवर (पेशीतील संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनावर) काम करतात. प्रयोग यीस्ट पेशींवरचा होता, त्यामुळे त्यावरून माणसाविषयी थेट निष्कर्ष काढू नये. पण शून्य अधिक शून्य म्हणजे शून्य, हे गृहीतक त्याने डळमळीत केले.

प्रतिसाद २
कधीकधी प्रकरण बेरजेपुरते राहत नाही. मॅलाथिऑन हे कीटकनाशक माणसाला तुलनेने कमी घातक ठरते, कारण कार्बॉक्सिलएस्टरेज हे विकर (एन्झाइम) शरीरात त्याचे झपाट्याने विघटन करते. १९७६ मध्ये पाकिस्तानातील मलेरिया निर्मूलनाच्या फवारणीत मॅलाथिऑनच्या काही मालात आयसोमॅलाथिऑन हे दुसरे रसायन तयार झालेले होते आणि ते नेमके याच विकराला निकामी करते. सुमारे २,८०० कामगारांना विषबाधा झाली, पाच जण दगावले. अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आल्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्ही धोक्यांच्या बेरजेहून अधिक वाढतो, हेही सर्वश्रुत आहे.

प्रश्नकर्ती
म्हणजे प्रत्येक मिश्रण अधिक घातकच समजायचे?

प्रतिसाद ३
तसे नाही. मिथेनॉलच्या विषबाधेवर इथेनॉल उतारा म्हणून दिले जाते, कारण दोन्ही एकाच विकरासाठी स्पर्धा करतात आणि मिथेनॉलचे विषारी पदार्थांत रूपांतर होणे लांबते. अल्प मात्रेत अशी टोकाची उदाहरणे कमीच. तिथे साधी बेरीज बऱ्यापैकी खरी ठरते, आणि माझ्या मते खरे दुर्लक्ष तिच्याकडेच झाले आहे. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने समान पद्धतीने अपाय करणाऱ्या कीटकनाशकांचा एकत्रित विचार बंधनकारक केला, पण वेगवेगळ्या कायद्यांखाली येणारी रसायने क्वचितच एकत्र मोजली जातात.

अहवाल हाताशी असेल, तर प्रत्येक रसायनाच्या प्रमाणाला त्याच्या मर्यादेने भागून येणारे अपूर्णांक मिळवून पाहावेत. पाच रसायने प्रत्येकी आपापल्या मर्यादेच्या ३० टक्के असतील, तर बेरीज १.५ येते आणि एकापेक्षा जास्त बेरीज अधिक तपासणी मागते. मात्र एकाच प्रकारे अपाय करणाऱ्या रसायनांपुरतेच हे गणित लावावे. मज्जासंस्थेला बाधणारे शिसे आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवणारे नायट्रेट यांची बेरीज करून हाती काही लागणार नाही.