मिथक, पुराण, कहाणी की कंडी? कल्पित जगातल्या श्रद्धेचे शब्द

कंदील
फँटसी किंवा विज्ञानकथेवर मराठीत लिहायला बसलं की 'मिथ'पाशी गाडी अडते. समीक्षेत 'मिथक' रुळलंय, पण कानाला ते 'मिथ्या'च्या घरचंच वाटतं. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच आपण तिला खोटी ठरवून मोकळे. कादंबरीतली माणसं जे खरं मानून जगतात, त्याला काय म्हणावं?

आटपाट
आधी बोलतंय कोण ते बघा. बाहेरून बघणारा निवेदक असेल तर 'पुराणकथा' पुरते. 'दंतकथे'ला देव लागतोच असं नाही, किल्ल्यावरच्या भुयाराचीही दंतकथा असते. 'भाकडकथा' म्हणजे तर हेटाळणीच. भाकड म्हैस दूध देत नाही, तशी ही गोष्ट. एखाद्या नास्तिक पात्राच्या तोंडी फक्कड शोभेल, निवेदकाच्या नाही.

आतल्या माणसासाठी माझं मत 'कहाणी'ला. हल्ली कुठल्याही गोष्टीला कहाणी म्हणतात हे खरं, पण श्रावणातली कहाणी आठवा. खुलभर दुधाचीच घ्या. राजाची दवंडी, गावातलं सगळं दूध महादेवाच्या गाभाऱ्यात. धाकापायी लोक वासरांना पाजत नाहीत, पोरांना देत नाहीत, तरी गाभारा भरत नाही. मग एक म्हातारी घरची माणसं नि गाईवासरं तृप्त करून उरलेलं खुलभर दूध ओतते आणि गाभारा भरतो. म्हणजे देव आला, त्याचा नियम आला, नियम चुकला की काय होतं तेही आलं. शिवाय ऐकणाऱ्यालाही काम: हातात अक्षता धरायच्या, 'उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही' म्हणायचं. नवं जग रचणाऱ्या लेखकाला आणखी काय पाहिजे?

धोपट
कहाणी छानच. पण 'ड्यून'ला कशी लावणार? फ्रँक हर्बर्टच्या त्या १९६५ च्या कादंबरीत बेने गेसेरिट हा बायकांचा पंथ ग्रहाग्रहांवर भाकितं पेरून ठेवतो. पुढेमागे पंथातली कोणी तिथे अडकली तर त्यांच्या आधाराने तगून जावी, एवढाच हिशोब. जेसिका वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांत नेमकी तशीच तगते. आमच्याकडे याला कंडी पिकवणं म्हणतात.

कंदील
कंडी चार दिवसांत विरते हो. इथे पिढ्या गेल्यात, लोक तिच्यापायी जीव द्यायला उठतात.

आटपाट
म्हणून जेसिकाच्या मनात 'पेरलेलं भाकीत' राहू द्या. फ्रेमेनांच्या तोंडी मात्र नामच नको. मानणारा माणूस 'अशी पुराणकथा आहे' कधी म्हणतो का? तो म्हणतो, 'वाडवडिलांनी सांगून ठेवलंय.' निम्मे अनुवाद इथेच मार खातात. शब्दकोश उघडून नाम शोधत बसतात.

मला याहून अवघड वाटते रॉजर झेलाझ्नीची 'लॉर्ड ऑफ लाइट' (१९६७). परग्रहावर उतरलेल्या जहाजाचे लोक यंत्रविद्या आपल्याच मुठीत ठेवतात, शरीरं बदलत जगतात आणि यम, काली, ब्रह्मा म्हणवून घेतात. कुणाला पुढचा देह कुठला द्यायचा हे त्यांचे 'कर्माचे अधिकारी' मनं तपासून ठरवतात. (रेशन कार्डाच्या खिडकीसारखं.) त्यांच्याविरुद्ध नायक सॅम बुद्धाची शिकवण उभी करतो. इंग्रजी वाचकाला ही नावं परकी, म्हणून अंतर आपोआप राहतं. मराठीत 'यम' लिहिलं की रेडा आलाच! वाचक त्यांना खरेच देव समजून वाचणार. मी त्यांना सरळ 'तोतये' म्हणेन. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता, शब्दाला धार तिथूनच आहे.

धोपट
तोतया झकास, पण पुरत नाही. तोतया उघडा पडला की खेळ खलास. यांचं बिंग फुटलं तरी यांच्या हातात आग आणि मरण आहेच. 'अंगात येणं' उलटं करून बघा: एरवी देव माणसाच्या अंगात येतो, इथे माणूस देवाच्या अंगात शिरलाय. टाकीचे घाव न सोसता देवपण लाटलेले. कथेत 'देव' लिहावं आणि सॅम चिडला की त्याच्या तोंडून 'तोतया' बाहेर पडू द्यावं.

आटपाट
हे मान्य. चिडलेल्या माणसाच्या तोंडीच तो शब्द शोभतो.

कंदील
मग याच न्यायाने आणखी एक. आर्थर क्लार्कची १९५३ ची गोष्ट, तिबेटी मठातले लामा देवाची सगळी नावं, सुमारे नऊ अब्ज, छापून काढायला कंप्युटर आणतात. हाताने पंधरा हजार वर्षं लागली असती, यंत्राला शंभर दिवस. 'लिस्ट'ला काय लिहू?

आटपाट
लामांच्या तोंडी 'नामावळी'. यंत्र सांभाळायला आलेल्या दोघा इंजिनिअरांच्या तोंडी 'यादी'.