कॉर्न स्नेकची पिल्लं, रंग ओळखायला मदत करा

भुसावळकर: पुण्याच्या मावसभावाकडे कॉर्न स्नेकची (अमेरिकेतला बिनविषारी साप, लोक पाळतात) अंडी फुटली. आई-बाप दोघं साधे नारिंगी, पण पिल्लांत काही करडी, काही तपकिरी आणि एक गुलाबट पांढरं, लाल डोळ्यांचं. फोटो पाहून आमच्याकडे सगळे म्हणे कवड्या (आपल्याकडचा बिनविषारी साप) आहे कवड्या 😄 नेमकं काय असेल?

तापीकाठ: लाल डोळे म्हणजे काळं रंगद्रव्य नाही, त्या रंगप्रकाराला अ‍ॅमेल म्हणतात. पाठीवरचे पट्टे लाल-नारिंगी असतील तर नुसतं अ‍ॅमेल, तेही फिक्के गुलाबी असतील तर स्नो, म्हणजे अ‍ॅमेल आणि अ‍ॅनेरी (लाल रंगद्रव्य नसलेला) दोन्ही एकत्र. आई-बाप साधे दिसले तरी लपलेले जीन्स असतात भो, दोघांकडे तोच लपलेला जीन असेल तर साधारण चारात एक पिल्लू तसं निघतं.

धुळ्याचा पंक्या: करड्यांवर लगेच शिक्का मारू नका, साधी पिल्लंपण जन्मतः मळकटच दिसतात, नारिंगी नंतर चढतो. मानेवर पट्ट्यांच्या मधे नारिंगी झाक बघा, असेल तर साधं, अजिबात नसेल तर अ‍ॅनेरी. आणि पोट बघाच, बुद्धिबळासारखे चौकोन नसतील तर मोटली किंवा स्ट्राइप, हे नक्षीचे प्रकार.

तापीकाठ: +१. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, पिवळ्या बल्बखाली सगळीच नारिंगी दिसतात. कात टाकायच्या आधी तर काढूच नका, तेव्हा सगळं धुरकट असतं.

भुसावळकर: पोटाचे फोटो मागवतो. मग शेतातला कवड्या पाळला तर चालेल का?

धुळ्याचा पंक्या: नाही भाऊ, आपले देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, बिनविषारी असला तरी. शिवाय विषारी मण्यारला कवड्या समजणारे कमी नाहीत, हात लावू नका, सर्पमित्राला बोलवा.