निरपेक्ष प्रीती आणि हक्कसोडपत्र: घरसभेत काय घ्यावं?

नाशिकरोड_घरसभा:
सर्वांना सलाम. रविवारच्या घरसभेत (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) ‘भावंडांमधली आणि विश्वासणाऱ्यांमधली निरपेक्ष प्रीती’ हा विषय आहे. वेळ ४५ मिनिटं. बायबलमधला १ करिंथ १३ वाचला की सगळे माना डोलावतात, आणि पहिला प्रश्न येतो पैशांचा. बहिणीने वडिलांच्या मालमत्तेतला हक्क सोडून सही करून टाकावी का? मंडळीतल्या (चर्चमधल्या) बंधूकडून उसने पैसे परत मागणं म्हणजे प्रीती कमी का? शास्त्रभाग सुचवा.

शरणपूर_वाचक:
१३ वा अध्याय घ्या, पण ५ व्या वचनावरच थांबा. अपकार न स्मरण्यासाठी पौलाने वापरलेलं क्रियापद हिशेबाच्या वहीतलं आहे: समोरच्याच्या नावे मांडून ठेवणं. रोम १२:१० मध्ये त्याचा ‘फिलाडेल्फिया’ हा शब्द एरवी ग्रीक लोक सख्ख्या भावंडांसाठी वापरत. आपल्या नाशिकच्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सुटका झालेली आफ्रिकन मुलं आली, तेव्हा नातं लावायला त्यांच्याकडे रक्ताचं कुणी नव्हतंच.

पण जास्त वेळ भावांनीच विकलेल्या योसेफाला द्या, उत्पत्ती ४२ ते ४५. भावांना पाहून तो ४२:२४ मध्येच बाजूला जाऊन रडतो, म्हणजे माया तेव्हाच आहे. तरी ओळख देत नाही. ४३:३४ मध्ये धाकट्या भावाच्या, बन्यामीनाच्या ताटात पाचपट वाढतो आणि बाकीचे जळतात का ते बघतो. मग आपला चांदीचा प्याला बन्यामीनाच्याच गोणीत लपवायला लावतो. योसेफाला विकायची कल्पना ज्याची होती तो भाऊ यहूदा ‘याच्याऐवजी मला ठेवा’ म्हणतो, तेव्हाच योसेफ उघड होतो. क्षमा आधी होती, भरवसा नंतर बसला. लोक इथेच घोळ घालतात: भरवसा ठेवला नाही की प्रीती नाही म्हणून मोकळे.

दस्तवाला:
हक्कसोडीचं मी सांगतो. ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला १/३, उरलेले २/३ मुलांमध्ये सारखे. मुलगी लग्न झालेली असो वा नसो. बापाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क मात्र नसतो, तो जिवंत असेपर्यंत भांडण्यात अर्थ नाही.

‘ताई, सही कर गं, नुसती फॉर्मॅलिटी आहे’ हे वाक्य दुय्यम निबंधकाच्या दारात ऐकू आलं की समजा, गडबड आहे. मसुदा आठ दिवस आधी ताईच्या घरी द्या. हक्क नेमक्या कोणत्या भावाच्या नावे सोडला जातोय, आईचा १/३ वेगळा राहतोय का, हे तिने स्वतः वाचावं. दस्त नोंदवला गेला की ‘मला कळलं नव्हतं’ म्हणून रद्द होत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. तिने राजीखुशीने सोडलं तर ते दान आहे. भिडेपोटी सोडलं तर दिवाळीला, नाताळाला येणं बंद होतं.

लूक १२:१३ पण वाचा. भावाकडून वाटणी मागणाऱ्याला येशूने वाटणी करून दिली नाही, लोभापासून जपायला सांगितलं.

मत्तय_अठरा:
उसन्या पैशांचं. बुडाले तरी चालतील एवढे असतील तर ‘परत नको’ म्हणूनच द्या. नाहीतर रक्कम, तारीख, परतीची तारीख लिहून दोघांच्या सह्या. परतीची तारीख ठरली नसेल तर दिल्या दिवसापासून ३ वर्षांत दावा मुदतबाह्य होतो. त्या आत घेणाऱ्याने लेखी कबुली दिली तर मुदत नव्याने सुरू होते.

तंटा झालाच तर मत्तय १८:१५–१७: आधी एकट्याने जा, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीला सांगा. आपल्याकडे सुरुवात तिसऱ्या पायरीपासून, तीही व्हॉट्सॲप ग्रुपवर. एक गंमत बघा. १८:१५ मध्ये ज्याच्याविरुद्ध अपराध झाला तो निघतो, आणि ५:२३–२४ मध्ये ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो. दोघांनी ऐकलं तर वाटेतच भेटतील. प्रभुभोजनाच्या सकाळी मात्र हा विषय काढू नका, समोरचा ‘हो’ म्हणतो ते नुसतं सुटका करून घ्यायला.

गलती ६:२ आणि ६:५ शेजारी ठेवा. एकात दुसऱ्याचं ओझं उचलायचं, दुसऱ्यात आपलं आपण. ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत: पहिला चिरडणारा भार, दुसरा रोज पाठीवर असतो तो. आजारपणाचं बिल पहिल्यात, मोटारसायकलचा हप्ता दुसऱ्यात.

नाशिकरोड_घरसभा:
मोटारसायकलवरून वाद होणार हे नक्की! योसेफ आणि मत्तय १८ रविवारी, दस्ताचं पुढच्या बैठकीला. दस्तवाले, मसुद्याचा एक कोरा नमुना इथे टाकता येईल का?