मदत हवी आहे: लाकडी बॅटची पकड घट्ट करण्यासाठी पाइन टार वापरावे की राळ?

नमस्कार. मी इतकी वर्षे रबरी पकड असलेल्या ॲल्युमिनियमच्या बॅटने बेसबॉल खेळत होतो. आता लाकडी बॅट हाती घेतल्यापासून, तळहाताला घाम आला की ऐन फटक्याच्या वेळी मूठ निसटते. पाइन टार, म्हणजे चीडाच्या लाकडापासून निघणारे चिकट काळे डांबर, मी फडक्याने मुठीवर चोळून पाहिले. पकड उत्तम बसते. परंतु हातमोजे काही दिवसांतच कडक होतात आणि धूळ चिकटून मुठीवर जाड थर साचतो. राळेची पूड स्वच्छ वाटते, मात्र तिचा परिणाम फार वेळ टिकत नाही.

अमेरिकेतील मेजर लीगच्या (बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या) नियमानुसार असा पदार्थ मुठीच्या टोकापासून 18 इंचांपर्यंतच लावता येतो. 1983 मध्ये याच कारणावरून फलंदाज जॉर्ज ब्रेट यांचा होमरन (थेट मैदानाबाहेर गेलेला फटका) पंचांनी रद्द केला होता आणि पुढे लीगच्या अध्यक्षांनी तो ग्राह्य धरला. (खरे तर टारमुळे चेंडू लांब जात नाही, त्यामुळे मला अध्यक्षांचा तो निर्णय योग्यच वाटतो.)

जाणकारांनी कृपया सांगावे, की टारची कांडी पातळ टारपेक्षा कमी राड करते का, टार आणि राळ एकत्र वापरावी का, आणि लाकडाला इजा न होता जुना थर कसा काढावा? मुठीला पट्टी गुंडाळण्याचा पर्याय मला ठाऊक आहे, पण तिने मूठ जाड होते.