मदत हवी आहे: जुन्या शफल अ‍ॅलीची स्कोअर मोटर थांबतच नाही

मंडळी, शिकागोजवळ राहतो. इथल्या एका बंद पडलेल्या बारमधलं युनायटेड कंपनीचं जुनं शफल अ‍ॅली घरी आणलंय. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: बोलिंगसारखा खेळ, नऊएक फुटांची गुळगुळीत लाकडी पट्टी, तिच्यावरून जड धातूची चकती सरकवायची. पिना वरून लोंबत असतात, चकती त्यांना शिवतसुद्धा नाही. पिनांखाली पट्टीतून तारेची बोटं वर आलेली असतात. चकती त्यांच्यावरून गेली की खालचा स्विच लागतो आणि ती ती पीन टपकन वर उचलली जाते. दहा सेंटचं नाणं टाकलं की खेळ सुरू.

आत चिप नावाला नाही. सगळा हिशेब रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), स्टेपर (एकेक पायरी सरकून आकडे मोजणारा भाग) आणि कॅमवाल्या, म्हणजे स्विच दाबणाऱ्या उंचवट्यांच्या, स्कोअर मोटरचा. स्ट्राइक पडला, म्हणजे एकाच फेकीत सगळ्या पिना गेल्या, की पुढच्या दोन फेकींचे गुण आधीच्या फ्रेममध्ये (डावात) मिळवायचे, हेसुद्धा रिलेच लक्षात ठेवतात. मी दिवसभर कोड लिहून पोट भरतो, पण हे बघून हात जोडले.

आता दुखणं. चालू केलं की पिना खाली येतात, आकडे शून्यावर जातात आणि स्कोअर मोटर जी फिरायला लागते ती थांबतच नाही. शिवाय ७ नंबरची पीन काही केल्या उचलली जात नाही. फ्यूज शाबूत आहेत. सर्किटचा मोठा कागद खोक्यात सापडला, पण घडीवर फाटलाय आणि नेमका मोटरचा भाग गेलाय. युनायटेड १९६४ मध्ये विल्यम्स या दुसऱ्या गेम कंपनीकडे गेली, त्यामुळे मूळ कंपनीला विचारायची सोय नाही. गणपतीला पोरं जमणार आहेत, तोवर बेसमेंटमधली जागा मंजूर आहे. सुरुवात कुठून करू?

टेस्टलॅम्प: आधी प्लग काढा! वायर जुनी दोन पिनांची असेल तर अर्थिंगवाली तीन तारांची टाका, मग बाकीचं. मोटर थेट ११५ व्होल्टवर असू शकते, त्यामुळे प्लग लावलेला असताना आत हात नको.

मोटर न थांबण्याची कारणं बहुतेक दोनच. एक, मोटर जागेवर आली की स्विचची जी पत्ती उघडायला हवी ती उघडत नाही. दोन, एखादा रिले ओढलेलाच राहिलाय आणि तो मोटरला सोडत नाही. प्लग काढून मोटर हाताने सावकाश फिरवा आणि प्रत्येक कॅमवरची पत्ती बघा. मग चालू करून कुठला रिले चिकटलेला दिसतो ते लांबूनच टिपून घ्या. पुन्हा प्लग काढायचा, त्या रिलेच्या एकेका कॉन्टॅक्टमध्ये (जिथे दोन पत्त्या टेकतात) जाड कागदाचा तुकडा सरकवायचा आणि चालू करून बघायचं. ज्या तुकड्याने मोटर थांबेल, तिथून मागे जा.

जुना_खटारा: पॉलिश पेपर अजिबात नको, कॉन्टॅक्टवरचा थर निघून जातो. बारीक कॉन्टॅक्ट फाइल, नाहीतर व्हिजिटिंग कार्डची पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून. स्कूटरचे पॉइंट साफ केले असतील तर हात बसलेलाच असेल. आणि स्टेपरवर तेल सोडू नका. जुनं ग्रीस घट्ट होऊनच तो अडकतो, वर तेल ओतलं की धूळ धरून आणखी चिखल. सुटा करा, पुसा, कोरडा बसवा.

धागाकर्ता: धन्यवाद दोघांना. अर्थिंग झालं. मोटरचं कोडं सुटलं: रीसेट संपल्याची खबर देणारी पत्ती वाकलेली होती, म्हणून रीसेटचा रिले सुटतच नव्हता. पत्ती सरळ केली, मोटर आता जागेवर येऊन गपकन थांबते. ७ नंबर मात्र अजून ढिम्म. पट्टीखालचा स्विच दाबला तर कॉइल ओढते, आवाज येतो, पीन हलत नाही. आणि एक, पट्टीवर कॅरमची पावडर चालेल का?

टेस्टलॅम्प: कॉइल ओढतेय म्हणजे वायरिंग ठीक आहे, तिथे वेळ घालवू नका. वरचं झाकण उघडून त्या पिनेचा खटका आणि स्प्रिंग शेजारच्या पिनेशी ताडून बघा; सुकलेलं ग्रीस किंवा निसटलेली स्प्रिंग निघेल. कॅरमची पावडर नको, फटींतून थेट खालच्या स्विचांवर बसते. शफल अ‍ॅलीसाठी मेणाची बारीक भुकटी मिळते, तीही चिमूटभरच. खटक्याचा फोटो टाका, मग पुढे बघू.